ओपनकोअर बसवणं वेगळं, रूट पॅच मारणं वेगळं

२०१२चा मॅकबुक प्रो. ॲपलने त्याला मॅकओएस कॅटालिनाच्या पुढे काही दिलं नाही, म्हणून जुन्या मॅकवर नवं मॅकओएस चालवणाऱ्या ओपनकोअर लेगसी पॅचर या ॲपने त्यावर सोनोमा ही पुढची आवृत्ती टाकलेली. इंदूरच्या मराठी घरांत असे लॅपटॉप बरेच आहेत. मुलगा पुण्याला किंवा अमेरिकेला गेला, त्याने नवा घेतला, जुना आईवडिलांकडे राहिला. मग एक दिवस काहीतरी बिघडतं आणि मला फोन येतो, ‘‘अगं, पॅच तर मारलाय, तरी चालत नाही.’’

मी दर वेळी एकच विचारते: कुठला पॅच?

ॲपच्या नावातच ‘पॅचर’ आहे, त्यामुळे त्यातलं कुठलंही बटण दाबलं की लोक ‘पॅच मारला’ म्हणतात. व्हिडिओ करणारेसुद्धा असंच बोलतात, आणि त्याचा मला खरंच राग येतो. त्या ॲपमध्ये दोन कामं आहेत. एक ओपनकोअर बसवणं, दुसरं रूट पॅच मारणं. दोन्ही जातात वेगळ्या जागी आणि पुसली जातात वेगळ्या कारणांनी. हे कळलं नाही की माणूस चुकीचं बटण चार-चार वेळा दाबतो आणि शेवटी डिस्क फॉरमॅट करून बसतो.

याला कोणी हॅकिंटॉशही म्हणतं, ते आधी उरकून टाकू. हॅकिंटॉश म्हणजे ॲपलचं नसलेल्या यंत्रावर मॅकओएस. इथे यंत्र ॲपलचंच आहे. बूटलोडर, म्हणजे सिस्टिमच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, तेवढा दोन्हीकडे बहुधा ओपनकोअर. पुढे जाऊ.

ओपनकोअर बसतं डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर. हा एक छोटासा वेगळा कप्पा असतो, मॅकओएसच्या व्हॉल्यूमच्या बाहेर. लॅपटॉप सुरू झाला की मॅकओएसच्या आधी ओपनकोअर चालतं, ‘हे मॉडेल चालणार नाही’ ही तपासणी टाळतं, लागणारे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) मेमरीत चढवतं आणि मग मॅकओएसला पुढे सोडतं. डिस्कवरच्या सिस्टिमला ते हातही लावत नाही. प्रत्येक बूटला हे काम नव्याने होतं.

रूट पॅच थेट सिस्टिमच्या आत जातो. ॲपलने नव्या आवृत्त्यांतून जुन्या हार्डवेअरचे ड्रायव्हर काढून टाकले. या मॅकबुकमधल्या इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सचे मॉन्टेरेत गेले, जुन्या ब्रॉडकॉम वायफायचा आधार सोनोमात गेला. रूट पॅच ते ड्रायव्हर सिस्टिम व्हॉल्यूमवर परत आणून ठेवतो. २०२०च्या बिग सरपासून हा व्हॉल्यूम ॲपलने सीलबंद केलाय. पॅच मारला की सील तुटतं. त्यामुळेच पुढचा अपडेट काहीशे एमबीचा न येता अख्ख्या सिस्टिमएवढा, अनेक जीबींचा येतो. ती चूक नाही, तसंच होणार.

आता मुख्य गोष्ट. मॅकओएसचा अपडेट, अगदी छोटा असला तरी, सिस्टिम व्हॉल्यूम पूर्ण नवा करतो. म्हणजे रूट पॅच जातो. ओपनकोअर जात नाही, कारण ते त्या व्हॉल्यूमवर नव्हतंच. उलट एनव्हीरॅम (कुठून सुरू व्हायचं ते लक्षात ठेवणारी छोटी मेमरी) रीसेट केलं किंवा ओपनकोअर असलेला पेनड्राइव्ह काढला, तर ओपनकोअरकडे जाण्याची वाट हरवते, पण रूट पॅच सिस्टिममध्ये जागच्या जागी असतो. बिघाड कुठल्या बाजूचा आहे हे पडदा बघूनच कळतं. गोल आणि त्यात तिरकी रेघ असं चिन्ह आलं आणि लॅपटॉप पुढे सरकेनाच, तर ओपनकोअर चाललेलं नाही. लॉगिन होतंय, पण डॉक (ॲपच्या चिन्हांची पट्टी) करडा आणि अपारदर्शक, खिडकी सरकवली की अडखळते, ब्राइटनेसच्या कळा मुक्या, वायफाय नाही, तर ओपनकोअर बरोबर चाललंय आणि रूट पॅच नाही.

रामबागेत एका काकांकडे गेल्या महिन्यात नेमकं दुसरं झालं होतं. रात्री अपडेट आपोआप बसला, सकाळी वायफाय गायब. दुकानात दाखवलं तर उत्तर मिळालं, कार्ड जळलं, बदलावं लागेल. काका म्हणाले, ‘‘बघ ना गं, आता पैसे घालू की सोडून देऊ?’’ मी डॉककडे बघितलं, करडा. म्हटलं, ‘‘काका, कार्डाला काही झालेलं नाही. लॅनची वायर आहे का?’’ दिवाणखान्यातल्या राउटरपासून वायर पडद्याखालून ओढत टेबलापर्यंत आणली. रेटिना पडदा नसलेल्या या मॉडेलला लॅनचं पोर्ट आहे, हे त्याचं मोठं सुख, कारण पॅचला लागणाऱ्या काही फायली ॲप अनेकदा नेटवरून उतरवतं, आणि नेट तर पॅचशिवाय येत नाही. पोर्ट नसलेल्या मॅकला यूएसबीने आयफोन जोडून फोनचं नेट द्या. पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच दाबलं, पासवर्ड टाकला, रीस्टार्ट केलं. लॉगिनच्या पडद्यावर वर कोपऱ्यात वायफायची खूण आली. काकूंनी चहा ठेवला होता तो उकळायच्या आत काम झालं.

नंतर कळलं, अपडेटनंतर ‘रूट पॅच नाहीत, मारायचे का?’ अशी पाटी ॲपने स्वतःहून दाखवली होती. काकांना वाटलं जाहिरात आहे, त्यांनी बंद केली. ती पाटी बंद करू नका.

ओपनकोअरच्या बाजूचा बिघाड त्याहून सोपा. बहुतेक वेळा ओपनकोअर फक्त पेनड्राइव्हवर बसवलेलं असतं आणि आतल्या डिस्कवर बसवायचं राहून जातं. पेनड्राइव्ह काढला की रेघेचा गोल. पेनड्राइव्ह परत लावा, ऑप्शन की दाबून ठेवून सुरू करा, ईएफआय बूट निवडा, आत शिरल्यावर ओपनकोअर आतल्या डिस्कवर बसवा. एनव्हीरॅम रीसेटनंतर असं झालं असेल तर पुन्हा बसवायचीही गरज नाही. ऑप्शनच्या मेनूत ईएफआय बूट निवडताना कंट्रोल की दाबून ठेवा, तीच निवड कायमची होते. दुसऱ्या मॅकवर बसून पेनड्राइव्ह बनवत असाल तर सेटिंग्जमध्ये ज्या लॅपटॉपसाठी आहे त्याचं मॉडेल निवडा, नाहीतर ॲप समोरच्याच मॅकसाठी बनवून देतं.

एक जागा अशी आहे जिथे दोन्ही एकमेकांत अडकतात. रूट पॅच मारायला सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन (एसआयपी), म्हणजे सिस्टिमच्या फायलींना हात लावू न देणारं कुलूप, थोडं उघडावं लागतं, आणि ते उघडतं ओपनकोअर, बूट होताना. ॲपमध्ये ‘एसआयपी चालू आहे, पॅच मारता येत नाही’ असं दिसलं तर अडचण पॅचमध्ये शोधू नका. बहुतेक वेळा ओपनकोअर नव्याने बसवल्यावर त्यातून रीस्टार्ट केलेलं नसतं, एवढंच. क्रम हाच ठेवा: आधी ॲप नवं करा, मग ओपनकोअर आतल्या डिस्कवर बसवा, त्यातूनच रीस्टार्ट करा, मग मॅकओएसचा अपडेट, आणि सगळ्यात शेवटी रूट पॅच.

माझं स्पष्ट मत आहे की अशा लॅपटॉपवर स्वयंचलित अपडेट चालू ठेवूच नये. सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, आणि तिथे ऑटोमॅटिक अपडेट्सच्या शेजारच्या छोट्या ‘आय’मध्ये मॅकओएस अपडेट आपोआप उतरवणं आणि बसवणं ही दोन्ही बंद करा. सुरक्षेच्या फायलींचं बटण चालू राहू द्या. अपडेट जरूर घ्या, पण हाताने, दिवसा, लॅनची वायर जवळ ठेवून. काकांच्या लॅपटॉपवर मी तेच करून आले आणि ती वायर गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवायला सांगितली.