लास्को आणि फाँ-द-गोम: प्रतिकृती कुठे, मूळ चित्र कुठे

नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात फिरून आलेली मंडळी लास्कोच्या गुहेत शिरून हजारो वर्षांपूर्वीची चित्रं प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगतात. तसं होत नाही. लास्कोची मूळ गुहा पर्यटकांसाठी १९६३ सालीच बंद झाली. मग हे कळलेले काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: तिकडे आता सगळ्या नकलाच आहेत, कशाला एवढा प्रवास करायचा? हेही चूक. लास्कोपासून पंचवीसेक किलोमीटरवर, वेझेर नदीकाठच्या लेझेझी या चिमुकल्या गावाला लागून फाँ-द-गोम ही गुहा आहे. तिथे हिमयुगातल्या मूळ रंगीत चित्रांसमोर आजही उभं राहता येतं.

लास्कोची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. सप्टेंबर १९४०मध्ये मार्सेल राविदा आणि त्याच्या तीन मित्रांना ही गुहा सापडली, १९४८ला ती लोकांसाठी उघडली आणि पंधरा वर्षांत बंद करावी लागली. १९८३मध्ये मूळ गुहेजवळच तिच्या दोन दालनांची प्रतिकृती झाली, ती लास्को २. माँतिन्याक गावाजवळ टेकडीच्या पायथ्याशी २०१६च्या डिसेंबरात उघडलेली मोठी, जवळपास पूर्ण प्रतिकृती म्हणजे लास्को ४. मधली लास्को ३ हे देशोदेशी फिरणारं प्रदर्शन. या आकड्यांत फार अडकू नका. पर्यटकाला यांपैकी जे काही दिसतं ते माणसांनी आपल्या काळात केलेलं आहे, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

खरा घोळ पुढे आहे. एकाच खोऱ्यातल्या, एकाच प्रकारच्या चुनखडीतल्या दोन गुहा. मग एक बंद आणि दुसरी उघडी का? लास्को जास्त मौल्यवान म्हणून कुलूपबंद आणि फाँ-द-गोम दुय्यम म्हणून खुली, असं अनेकजण गृहीत धरतात. तसं नाही. खरं कारण गुहेतल्या हवेत आहे.

लास्कोचं तोंड दरड कोसळून बुजलं होतं आणि वरच्या मातीच्या थरामुळे पाणीही आत फारसं झिरपत नव्हतं. हजारो वर्षं आतली हवा जवळजवळ स्थिर राहिली, म्हणूनच रंग इतके ताजे टिकले. अशा बंद जागेत अचानक दिवसाला हजारावर माणसं शिरू लागली. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, ओलावा आणि वर विजेचे दिवे. भिंतींवर हिरवं शेवाळ चढू लागलं, चुन्याचे पांढरे स्फटिक धरू लागले. तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. तरीही दुखणं संपलं नाही. २००१ साली बुरशीचा जोरदार प्रादुर्भाव झाला. ज्या बंदिस्तपणाने चित्रं जपली, त्यामुळेच ती इतकी नाजूक ठरली.

फाँ-द-गोमचं तोंड उघडंच होतं. गावकरी आत जात, भिंतींवर नावं कोरून येत. चित्रांकडे लक्ष गेलं ते १९०१च्या सप्टेंबरात, लेझेझीचे शिक्षक देनी पेरोनी आत गेले तेव्हा. बाहेरच्या हवेशी या गुहेचा समतोल फार पूर्वीच साधला गेला होता. त्याची किंमत चित्रांनी मोजली: रंग फिके पडले, काही रेषा पुसल्या. पण म्हणूनच मोजकी माणसं छोट्या गटांत आत सोडणं तिला झेपतं. मर्यादा मात्र तिथेही कडक आहे आणि ती असायलाच हवी. गुहा अरुंद आहे, कोपर भिंतीला लागला तरी नुकसान होतं.

त्यामुळे दोन्हीकडे डोळ्यांना मिळतं ते वेगळं. लास्को ४मध्ये पाच मीटरहून लांब रानबैल डोक्यावरून धावतो, रंग ठसठशीत, काही शोधावं लागत नाही. फाँ-द-गोममध्ये पहिल्यांदा नुसता खडक दिसतो. मार्गदर्शक बाजूने प्रकाश टाकतो, मग गवा उमटतो, त्याची पाठ खडकाच्या फुगवट्यावरच बेतलेली. एका घोड्याचा पाय तर चुन्याच्या नैसर्गिक ओघळाचाच केलेला आहे. वाकून दुसऱ्या रेनडियरचं कपाळ चाटणारा रेनडियर इथलाच. त्याच्या बऱ्याच रेषा आता मिटल्यात, तरी तो दिसतो तेव्हा गळा दाटून येतो.

प्रतिकृतीला नाकं मुरडणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. मोनिक पेत्राल या चित्रकर्तीने लास्को २साठी वर्षानुवर्षं घालून भिंती रंगवल्या, मूळ कलाकारांसारखे खनिज रंग वापरून. आपल्याकडे जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. लंडनला नेलेल्या नकलांतल्या पुष्कळ तिथल्या आगीत जळाल्या, पण उरलेल्या आज अभ्यासकांना मोलाच्या वाटतात, कारण मूळ भिंतींवरचा काही भाग दरम्यान झडून गेला. नक्कल पाहा, मनापासून पाहा. फक्त तिला मूळ म्हणू नका. आणि ज्या सहलींच्या जाहिराती "प्रत्यक्ष गुहाचित्रं" असं छापून लोकांना लास्को ४च्या दारात उतरवतात, त्यांना तिकीट काढण्याआधीच विचारा: मूळ गुहा की प्रतिकृती?

माझा आग्रह असा: मुक्काम लेझेझीतच करा. कड्याखाली टेकलेलं गाव, रेल्वे स्थानक आहे, प्रागैतिहासिक काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि १८६८ साली क्रो-मॅन्यन माणसाचे, म्हणजे हिमयुगातल्या आपल्याच जातीच्या माणसांचे, सांगाडे सापडले तो कपारीचा निवाराही इथलाच. आधी लास्को ४ करा, मग फाँ-द-गोम. प्रतिकृतीत नजर तयार होते, बैलाची पाठ, घोड्याची मान कशी काढत ते कळतं, आणि मग फिक्या खडकावर तीच वळणं सापडू लागतात. उलट क्रमाने गेलात तर फाँ-द-गोममध्ये अर्धं निसटतं.

फाँ-द-गोमचं आरक्षण विमानाच्या तिकिटाबरोबरच करा. उन्हाळ्यात ऐनवेळी जागा मिळणं अवघड. आत फोटो काढायला बंदी आहे. जागा नाहीच मिळाली तर रुफिन्याकला जा: तीही मूळ गुहा, छोट्या विजेच्या गाडीतून आत नेतात, काळ्या रेषांतले मॅमथच मॅमथ, पण तिथे फाँ-द-गोमसारखे रंग नाहीत. मूळ रंगच हवे असतील तर लो विभागातली पेश-मेर्ल, ठिपक्यांच्या घोड्यांची. दूर आग्नेय फ्रान्समधल्या आर्देशची शोव्हे गुहा मात्र लास्कोच्याच रांगेत. १९९४ला सापडल्यापासून ती लोकांसाठी कधीच उघडली नाही, तिथेही २०१५पासून प्रतिकृतीच पाहायला मिळते.