दाढेत चांदी की सिमेंट?

"माझ्या दाढेत पस्तीस वर्षांची चांदी आहे, अजून हलली नाही," असं माझी हुपरीची आत्ती कौतुकानं सांगते. तिच्या नऊ वर्षांच्या नातवाची खालची दाढ किडली तेव्हा तिचं ठरलेलंच होतं, चांदीच भरायची. सून म्हणाली, नको, पांढरं भरू. शेजारीण म्हणाली, सिमेंट स्वस्त पडतं. मग कोल्हापुरातून मला फोन लावला, "तूच सांग बाबा, यातलं चांगलं कुठलं?"

खड्डा कुठे आहे, किती खोल आहे आणि भरताना तो कोरडा ठेवता येईल का, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

आत्तीच्या दाढेतली चांदी हुपरीच्या पैंजणातली नव्हे. तिला अमाल्गम म्हणतात आणि तिच्यात वजनानं जवळजवळ निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील आणि तांबं. धातूंच्या भुकटीत पारा कालवला की मऊ गोळा होतो. तो खड्ड्यात दाबून बसवायचा. पूर्ण कडक व्हायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून 'आज त्या बाजूनं चावू नका' असं सांगत. अमाल्गम दाताला चिकटत नाही, नुसतं अडकून बसतं. ते अडकावं म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागतो आणि त्यात थोडा चांगला दातही जातो. पण थुंकीची ओल त्याला बऱ्यापैकी चालते, आणि चावण्याचा जोर ते वर्षानुवर्षं सोसतं.

पांढरं, म्हणजे कॉम्पोझिट, याच्या अगदी उलट. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्यानं १९५५ मध्ये तीच युक्ती दाताच्या एनॅमलवर, म्हणजे वरच्या कडक थरावर, केली. आम्लानं एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, पातळ रेझिन, म्हणजे राळेसारखा चिकट द्रव, त्यांत शिरतं आणि तिथंच घट्ट होतं. त्यावर कॉम्पोझिटचे साधारण दोन मिलिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर निळ्या प्रकाशानं कडक करतात. फार खोदावं लागत नाही, रंग दातासारखाच. पण आम्ल धुऊन झाल्यावर त्या छिद्रांवर थुंकी आली, तर पकड तिथंच बिघडते. शिवाय कडक होताना कॉम्पोझिट किंचित आकसतं. कडेला फट राहिली की तिथून कीड पुन्हा आत जाते. मागच्या दाढांमध्ये कॉम्पोझिट अमाल्गमपेक्षा लवकर निकामी होतं, असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे महाग आहे म्हणून जास्त टिकेल, असं धरून चालू नका. भरणाऱ्यानं त्या दाढेला दिलेला वेळ इथं फार मोलाचा.

राहिलं सिमेंट. ग्लास आयोनोमर हे त्याचं नाव, विल्सन आणि केंट या ब्रिटिश संशोधकांनी १९७२ मध्ये जगापुढे आणलेलं. काचेची भुकटी आणि एक आम्ल एकत्र केलं की ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध धरतं. कॉम्पोझिटइतका कोरडेपणाचा हट्ट धरत नाही आणि कीड रोखणारं फ्लोराइड थोडं थोडं सोडत राहतं. चावण्याच्या जागी मात्र लवकर झिजतं. म्हणून पुढे पडणारच असलेल्या दुधाच्या दातांना ते उत्तम. मिश्री घासून घासून हिरडीलगत पडलेल्या खाचांनाही. (मिश्री मात्र सोडाच. ती तंबाखूच आहे, दातापेक्षा मोठं दुखणं देते.)

पाऱ्याचं काय? अमाल्गममधून पाऱ्याची वाफ अत्यल्प प्रमाणात निघते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२० मध्ये गरोदर व स्तनदा माता, सहा वर्षांखालची मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी शक्यतो ते टाळायला सांगितलं. पारा पर्यावरणात साचतो ही त्याहून मोठी काळजी. युरोपीय संघानं २०२५ पासून काही अपवाद सोडून त्यावर बंदी घातली. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी, ज्यांत भारतही आहे, २०३४ पर्यंत त्याचा वापर थांबवायचं ठरवलं आहे.

नातवाची दाढ दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते ती कायमची असते. कुठलाही दात न पडता येते म्हणून घरोघरी तिला दुधाची समजून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात गुऱ्हाळावरचा ताजा गूळ आणि काकवी. गूळ नैसर्गिक असला तरी बहुतांश साखरच, आणि चिकट. तोंडातले जंतू तिचं आम्ल करतात आणि सामू (pH, जितका कमी तितकं तोंड आंबट) साडेपाचच्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. मी आत्तीला एवढंच सांगितलं, "डॉक्टरांना विचार, दाढ कोरडी कशी ठेवणार?" त्यांनी रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, वापरतो म्हणून दाखवला. खड्डा मध्यम होता, पोरगं शांत बसणारं. कॉम्पोझिट भरलं.

परवा आत्तीनं हळूच विचारलं, "मग माझी चांदी काढून टाकू का रं?" तिची कड शाबूत आहे, खाली कीड नाही. उगाच कोरून काढताना वाफ जास्त निघेल आणि चांगला दातही जाईल. "राहू दे, आत्ती," म्हटलं. "तपासणीला मात्र जात जा."