भांडणातून जमणारा गट

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखादी नवी लाइन सुरू झाली की पहिले काही दिवस सगळे गोड बोलतात. दांडिया बाजारातला मराठी ऑपरेटर, आणंदहून अपडाउन करणारा फिटर, बिहारहून आलेला वेल्डर, जो तो दुसऱ्याचा अंदाज घेत असतो. मग कुरबुरी सुरू होतात. हत्यारं जागेवर कोणी ठेवायची? रिजेक्ट माल कुणाच्या नावावर टाकायचा? इथे साहेब घाबरतात आणि माणसं बदलतात. मला ही घोडचूक वाटते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये लहान गटांवरचे सुमारे ५० अभ्यास चाळले. त्यांत त्यांना गट जमण्याचे चार टप्पे दिसले : एकत्र येणं, झगडणं, आपसांत रीत ठरणं आणि मग खरं काम. पांगण्याचा पाचवा टप्पा १९७७ मध्ये मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासोबत जोडला गेला. १९६५ च्या त्या अभ्यासांतले बरेच गट मानसोपचाराचे होते, ही मर्यादा टकमन यांनी स्वतःच नोंदवली होती. त्यामुळे हे टप्पे प्रत्येक कारखान्यात याच क्रमाने येतील असं धरून चालू नये. गटांचं कामकाज अभ्यासणाऱ्या संशोधक कॉनी गर्सिक यांनी १९८८ मध्ये आठ गटांचा अभ्यास मांडला. त्यांत कामाची निम्मी मुदत उलटताच गटांनी जुनी पद्धत टाकून नवी धरली होती.

आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा प्रयोग मात्र शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादच्या कॅलिको या कापड गिरणीत झाला. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या माणसांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हतं. काम १२ प्रकारांत तोडलेलं होतं : विणकर, मागांची दुरुस्ती-देखभाल करणारा जॉबर, बॉबिन वाहणारा, तेल घालणारा, झाडणारा, सगळे वेगळे. एकाच माणसाला अनेक विणकरांच्या हाका, आणि कुणाचाच तो आपला नाही. राइस यांनी सुचवलं की मागांचा एक ठरावीक संच एका छोट्या गटाच्या हवाली करा. कुणी कुणासोबत काम करायचं, हे कामगारांनीच आपसांत ठरवलं. घडी बसायला वेळ लागला, पण नंतर उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. हद्द स्पष्ट झाल्यामुळे वाद गटातच मिटवणं शक्य झालं, असं मला वाटतं.

१९७० मध्ये राइस यांचे टॅव्हिस्टॉकमधले सहकारी एरिक मिलर तिथे परत गेले, तेव्हा एका शेडमध्ये ही पद्धत जवळपास तशीच चालू होती. बाकीच्या ठिकाणी ती विरली होती.