रात्री पाटी दिसली पाहिजे, हा नियम आला कुठून?

गाळप सुरू झालं की बीड, लातूर, नांदेडकडं रात्रीची गाडी चालवणं म्हणजे समोर उसाची डबल ट्रॉली, तिला मागं रेडियम नाही अन् वळणाची पाटी धुळीनं माखलेली, म्हणून लोकं विचारायलेत की पाटी किती चमकावी याला काही नियम हाय का नाही. हाय, पण लै उशिरा आलेला.

१९२७ ला रस्त्यांसाठी जयकर समिती नेमली (मुकुंदराव जयकर, आपलेच), तिच्यामुळं १९३४ ला इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी), म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, निघाली. तवा मराठवाडा निजामाकडं होता. तिचं पाट्यांचं कोड, म्हणजे नियमांचं पुस्तक, आयआरसी ६७, आलं थेट १९७७ ला, मग २००१, २०१०, २०१२ अन् २०२२ ला सुधारणा झाल्या. २०१२ च्या कोडमधी पाटीवर चिकटवायच्या चमकत्या शीटचे तीन वर्गच पाडलेत, साध्या काचेच्या मण्यांच्या शीटपासून बारीक प्रिझमवाल्यापर्यंत. मणी काय अन् प्रिझम काय, हेडलाइटचा उजेड इकडं तिकडं न उधळता गाडीकडंच माघारी फिरवायचा एवढंच काम.

पण नवी शीट कुणाचीबी चमकते हो, उन्हानं विटल्यावर काय? हा प्रश्न अमेरिकेत १९९२ ला तिथल्या संसदेनं काढला, म्हणाली किमान चमक ठरवा, अन् नियम निघायला डिसेंबर २००७ उजाडला! उजेड किती माघारी फिरतो त्याच्या मापात स्टॉपच्या पाटीत पांढरा रंग किमान ३५, लाल किमान ७, वर पांढरा लालाच्या तिप्पट तरी पाहिजे, कारण लाल विटला की अक्षरं त्यातच बुडतात. जुन्या पाट्या बदलायला २०१५ अन् २०१८ ची मुदत दिलती, खर्चाची ओरड झाली तशी २०१२ ला ती काढून टाकली. पाट्यांवर नजर ठेवायची पद्धत मात्र बसवावीच लागली.

आपल्याकडं २०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ घातलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल ठरल्या मापाची नाही अन् त्यानं कुणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदाराला, अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड. म्हणजे आधी माणूस जायला पाहिजे, मग पाटीकडं बघणार.

तपासणी काय महाग नसती. अमेरिकेत चमक मोजायचं मशीन नसलं तरी चालतं, रात्री गाडीत बसून पाट्या बघत जायचं, अन् त्यातल्या एका पद्धतीत बघणारा मुद्दाम साठीच्या पुढचा घेतात, त्याला दिसली तर सगळ्यांना दिसंल म्हणून. असे दोन-चार काका तर आपल्या कुठल्याबी पारावर बसलेले सापडतील, बांधकाम खात्यानं फक्त जीप पाठवायची.