‘होय’ लिहिले की दंड होतो, हा समज चुकीचा

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला निघालेल्यांना वर्षानुवर्षे एक सल्ला मिळत आला आहे : प्रवेशाच्या घोषणापत्रात खाद्यपदार्थांपुढे ‘होय’ लिहिले की दंड होतो, म्हणून ‘नाही’ लिहावे. दंडाची भीती स्वाभाविक आहे, पण नियम याच्या नेमका उलट आहे.

जाहीर केलेला खाद्यपदार्थ अधिकारी तपासतात. धोका नसेल तर परत देतात, अन्यथा त्यावर प्रक्रिया करतात किंवा तो नष्ट करतात. प्रवासी फार तर त्या वस्तूला मुकतो. दंड होतो तो न सांगितल्याबद्दल. न्यूझीलंडमध्ये अशा वस्तूसाठी जागेवरच 400 न्यूझीलंड डॉलर भरावे लागू शकतात आणि विमानात मिळालेले, बॅगेत विसरून राहिलेले सफरचंदही त्यातून सुटत नाही.

एका सफरचंदासाठी एवढी कडक शिस्त कशाला, असे वाटू शकते. फळमाशी आपली अंडी फळाच्या सालीखाली घालते, त्यामुळे वरून निरोगी दिसणारे फळही बागाच्या बागा धोक्यात आणू शकते. बुटांच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतून बिया आणि रोगजंतू येतात, म्हणून मातीने माखलेले बूटही जाहीर करावे लागतात. ते सहसा स्वच्छ करून परत मिळतात.

पडताळणी सोपी आहे. सही करण्यापूर्वी घोषणापत्रातील प्रश्न आणि सूचना सावकाश वाचाव्यात आणि त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील वस्तूंची यादी पाहावी. शंका असेल तेव्हा ‘होय’ लिहावे. अमली पदार्थांसारख्या बंदी असलेल्या वस्तू मात्र जाहीर केल्याने कायदेशीर ठरत नाहीत.