जोडाच्या पोटात वाट चुकणारा आवाज

सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर गार जेल लावतात. वेल्डिंगच्या जोडात दोष आहे का, हे तशाच अतिसूक्ष्म आवाजाने तपासणाराही पाइपवर जेल किंवा पाणी लावतो, आणि कारणही तेच. प्रोब (आवाज सोडणारं आणि परतलेला टिपणारं हातातलं साधन) आणि धातू यांच्यात हवेचा पापुद्रा राहिला तर जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो. वेल्डिंगचा एखादा उडालेला थेंब चिकटून राहिला तरी प्रोब उचलला जातो आणि पडद्यावरचं चित्र मधूनच गायब होतं. ग्राइंडर फिरवला की हे निस्तरतं.

स्टेनलेस स्टीलच्या जाड जोडात मात्र खरी पंचाईत होते. साध्या कार्बन स्टीलचा जोड थंड होताना त्याची स्फटिकरचना बदलते आणि मोठे कण मोडून बारीक होतात. 304 किंवा 316 जातीच्या स्टेनलेसमध्ये तसं होत नाही. गोठताना उभे राहिलेले लांबट कण तसेच राहतात. वरचा थर चढला की पुढे वाढतात. असा जोड कापून, पॉलिश करून आम्ल लावलं की लाकडाच्या रेषांसारखे ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

या कणांमध्ये आवाजाचा वेग दिशेप्रमाणे बदलतो, म्हणून झोत वाकतो. फेज्ड अ‍ॅरे यंत्र, म्हणजे प्रोबमधल्या अनेक छोट्या घटकांनी झोत वळवून चित्र काढणारं यंत्र, सहसा एकच वेग आणि सरळ वाट धरून हिशोब करतं. मग चीर असते एकीकडे आणि पडद्यावरचा लाल ठिपका उमटतो दुसरीकडे. शिवाय कणांवरून परतणारी खरखर वेगळीच.

कार्बन स्टीलमध्ये 4 मेगाहर्ट्झचे अवतरंग (ज्यांत कण पुढे जाण्याच्या दिशेला आडवे हलतात) छान चालतात; त्यांची लांबी जेमतेम 0.8 मिलिमीटर. स्टेनलेसच्या जोडात ते विखुरतात, म्हणून साधारण 2 मेगाहर्ट्झचे अनुतरंग (ज्यांत कण पुढे-मागे हलतात) घ्यावे लागतात. त्यांची लांबी जाते सुमारे 3 मिलिमीटरवर, आणि बारीक दोष निसटण्याची भीती वाढते.

त्यात पाइप व्हॉल्व्हला जोडलेला असला की प्रोब फिरवायला बहुधा एकच बाजू मिळते. पलीकडच्या कडेचा दोष गाठायला आवाजाला अख्खा जोड पार करावा लागतो. अनुतरंग तळावर आपटून पलीकडे न्यावेत, तर आपटताना त्यांची बरीचशी ऊर्जा अवतरंगांत जाते.

माझ्या मते इथे महागड्या यंत्राहून नमुना-जोड मोलाचा. तोच धातू, तीच जाडी, तीच वेल्डिंगची पद्धत, आणि दोन्ही कडांना मुद्दाम कोरलेल्या खाचा. आधी त्यावर प्रोब फिरवायचा. पलीकडची खाच दिसलीच नाही, तर प्रत्यक्ष जोडाच्या अहवालात ‘दोष नाही’ लिहायचं नाही. ‘ही बाजू तपासता आली नाही’ असं लिहायचं.