गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवा चाचणी

नवजात बाळाची देखभाल घरीच, गावातल्या प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रीच्या हातून झाली तर बालमृत्यू घटतात का, हे मोजून पाहण्यासाठी डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ ते १९९८ या काळात केलेला प्रयोग. निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

३९ गावांत सेवा द्यायचे ठरले. ४७ गावे तुलनेसाठी होती. पहिली दोन वर्षे नवजात सेवा सुरू न करता फक्त जन्म-मृत्यू मोजले. नवजात मृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू) अनुक्रमे ६२ व ५८ निघाला. दोन्हीकडची सुरुवात सारखी होती हे आधी दाखवले नसते, तर नंतरच्या फरकाला काहीच वजन राहिले नसते.

१९९५पासून आरोग्यदूत घरभेटी देऊ लागल्या. जन्मतः श्वास न घेणारे, कमी वजनाचे, थंड पडलेले, दूध न ओढणारे बाळ त्या सांभाळत. जंतुसंसर्ग ओळखून जेन्टामायसिनचे इंजेक्शन व को-ट्रायमॉक्साझोल ही जंतुनाशक औषधे देत. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक येई. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के बाळांपर्यंत सेवा पोचली आणि नवजात मृत्युदर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ही घट ६२ टक्के. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

या आकड्यांचा खरा आधार मोजणीत आहे. जन्म-मृत्यूंची नोंद सेवा देणाऱ्या बायकांकडे नव्हती, वेगळ्या कार्यकर्त्यांकडे होती. आपल्याच कामाचे यश आपणच मोजले तर मृत्यू वहीतून गळण्याची भीती असते. घरच्या बाळंतपणात दोन-चार श्वास घेऊन गेलेले बाळ ‘मेलेलेच जन्मले’ असे सहज लिहिले जाते आणि नवजात मृत्युदर फुकटचा कमी दिसतो. म्हणून मृतजन्म व पहिल्या आठवड्यातले मृत्यू एकत्र धरणारा दरही तपासावा लागतो. इथे तो ७१ टक्क्यांनी घटला. म्हणजे मृत्यू एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवलेले नव्हते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीतही अशा कामात घोळ घालते: जन्म एका गावात, मृत्यू दुसऱ्या गावात, नोंद कुठेच नाही.

मर्यादाही आहे. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळे इतरत्र पडताळा हवाच होता. बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यात यादृच्छिक वाटणी करून झालेल्या चाचणीत (२००८) घरभेटींच्या गटात ३४ टक्के घट आढळली.

२०११मध्ये भारत सरकारने ही सेवा आशा कार्यकर्तींकडे सोपवली. दवाखान्यात प्रसूती झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट, घरी झाल्यास पहिल्या दिवशी आणखी एक. आशा इंजेक्शन देत नाहीत. आजारी बाळाला दवाखान्यात पाठवतात. गडचिरोलीच्या सेवेतला हा मोठा भाग राष्ट्रीय कार्यक्रमात नसल्याने ६२ टक्क्यांचा आकडा त्या कार्यक्रमाला जसाच्या तसा लावता येत नाही.